सणाच्या दिवशी बाहेर निघते ती एक वस्तू

सण चार दिवसांवर आला की आमच्याकडे माळ्यावरची खोकी खाली येतात. आई जाऊन सहा वर्षं झाली, पण प्रत्येक खोक्यावर अजून तिच्याच अक्षरातली चिठ्ठी आहे. एकीवर लिहिलंय, "दिव्यांची माळ. शेवटून तिसरा दिवा हलवला की लागते." दुसरीवर, "यातलं काहीही टाकू नये." ती माळ केव्हाच बंद पडली. आता त्या खोक्यात नवी माळ असते, पण दरवर्षी चिठ्ठी वाचली की मी नव्या माळेचाही शेवटून तिसरा दिवा एकदा हलवून बघतो.

गेल्या वर्षी चिकटपट्टी पिवळी पडून सुटली. शाईही फिकी झालीये. धाकटी बहीण म्हणाली, फ्रेम करून भिंतीवर लावू. मला ते पटेना. खोक्यावर आहे तोवर ती आईची सूचना आहे, भिंतीवर गेली की नुसतं आईचं हस्ताक्षर उरेल. बहिणीचंही चूक नाही, अजून दोन-चार वर्षांत अक्षरच दिसेनासं होईल.

म्हणून तुम्हा सगळ्यांना विचारतोय. गेलेल्या माणसाची कोणती वस्तू तुमच्याकडे सणाला बाहेर निघते? ती वापरता की जपून ठेवता? नाव नको, नातं लिहा.

नात

आजोबांचं चावीचं मनगटी घड्याळ. सकाळी उठल्यावर तोंड धुवायच्याही आधी ते घड्याळाला चावी देत. शेवटच्या सकाळी दवाखान्यातही त्यांनी दिली होती. दुपारी ते गेले. नर्सने घड्याळ माझ्या हातात ठेवलं तेव्हा ते चालू होतं. रात्रभर माझ्या उशाशी चालू होतं. पूर्ण चावी दिलेलं घड्याळ साधारण दीड दिवस चालतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे बसलेले असताना ते थांबलं. मला तेव्हाच चावी देता आली असती. पण आजोबांच्या बोटांनी भरलेली ती चावी होती, ती त्यांचीच संपू दिली.

आता वर्षातून एकदा, सणाच्या सकाळी मी चावी देते. दिवसभर हातात घालते. दुसऱ्या दिवशी पाहुणे निघायच्या सुमाराला ते थांबतं.

घड्याळ दुरुस्त करणाऱ्या काकांनी एक गोष्ट सांगितली, ती इथे सांगायलाच हवी. न वापरता ठेवलेलं घड्याळ सुरक्षित असतं हा गैरसमज आहे. आतल्या तेलाचा थेंब पडून पडून घट्ट होतो, मग एक दिवस चावी दिली की सुकलेल्या तेलावर भाग घासले जातात. या जातीच्या घड्याळातलं डुलणारं चाक तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. तेव्हा काही वर्षांनी एकदा उघडून, साफ करून, नवीन तेल घालून घ्या. बॅटरीचं घड्याळ ठेवणार असाल तर सेल काढून ठेवा. तो गळला तर आतलं सगळं खाऊन टाकतो.

सून

माझ्याकडे सासूबाईंची शाल होती. म्हणजे अजून आहे. पण तिच्यातला वास गेला.

त्या गेल्यावर मी ती न धुता घट्ट पिशवीत बांधून ठेवली. सणाच्या आदल्या रात्री सगळे झोपले की पिशवी उघडायची, नाक खुपसायचं, पुन्हा बांधायची. पहिल्या वर्षी त्या शेजारी येऊन बसल्यासारख्या होत्या. वासाचं असंच असतं. बघणं, ऐकणं, स्पर्श यांचे संदेश मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या भागात जातात आणि मग पुढे. वासाचा रस्ता मात्र आठवण आणि भावना सांभाळणाऱ्या भागांशी फार जवळून जोडलेला आहे. म्हणून आधी रडू येतं आणि कशाचं ते मागाहून कळतं. पण वास म्हणजे शेवटी हवेत उडणारे कणच. दर वेळी उघडताना मी त्यातलेच थोडे सोडून देत होते. चौथ्या वर्षी पिशवीत नुसती लोकर होती.

त्या रात्री मला फार अपराधी वाटलं. सकाळी शाल धुतली, वाळवली, आणि संध्याकाळी पांघरून सगळ्यांत बसले. नवरा काही बोलला नाही, फक्त जाता येता खांद्यावरचं टोक सारखं करून गेला. त्यांच्या खांद्यावरचंही तो तसंच करायचा.

मुलगा

बाबांचा आवाज. एकच कॅसेट, साठ मिनिटांची, तीस एका बाजूला, तीस दुसऱ्या. सणाला सगळी भावंडं जमली होती तेव्हा बाबांनी रेकॉर्डर कपाटावर ठेवून गुपचूप चालू केला होता. निम्मा वेळ भांड्यांचा आवाज आणि मुलांची भांडणं. बाबा स्वतः मोजून पाच-सहा वाक्यं बोलतात. मला सर्वांत प्रिय काय असेल तर बोलण्याआधीचं त्यांचं ते खाकरणं.

तरुण मुलांसाठी सांगतो. कॅसेट १९६३ साली बाजारात आली आणि पुढची कितीतरी वर्षं घराघरात तीच होती. तिच्या मागच्या कडेला प्लास्टिकच्या दोन छोट्या चकत्या असतात. त्या मोडल्या की त्यावर पुन्हा काही रेकॉर्ड होत नाही. आमच्या घरात कॅसेट महाग वस्तू, एकीवर दहा वेळा पुसून भरायचो. बाबा गेल्यावर कप्प्यात ही सापडली तेव्हा तिच्या दोन्ही चकत्या मोडलेल्या होत्या. सगळ्या कॅसेटमध्ये फक्त हिच्या. मला किती तरी वेळ जागचं उठता आलं नाही. आपण हे कुणासाठी तरी राखून ठेवतोय हे त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं, आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

कॅसेट लगेच चालवू नका. माझ्याकडच्या जुन्या प्लेअरने पहिल्याच मिनिटात फीत गुंडाळून घेतली. पेन्सिलीने हळूहळू फिरवून सोडवली, दोन सेकंदांचा तुकडा चुरगळला तो कायमचा. आधी पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून फीत मोकळी करावी, चांगल्या प्लेअरवर एकदाच वाजवून संगणकावर उतरवून घ्यावी, आणि त्या फाइलच्या किमान तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. आता सणाला सगळे जमलो की तीच फाइल लावतो. कुणी मुद्दाम ऐकत नाही. जुनी भांडी आणि नवी भांडी एकत्र वाजत राहतात, आणि मधेच बाबा खाकरतात.

बहीण

दादाचा फोन. चार्ज करते, कुलूप उघडत नाही, पडद्यावरचा फोटो बघते, ठेवून देते. आकडे त्याने कुणालाच सांगितले नव्हते. एवढंच सांगायचंय की जिवंत आहोत तोवर हे करून ठेवा. आयफोनमध्ये डिसेंबर २०२१ पासून 'लेगसी कॉन्टॅक्ट' नेमता येतो, म्हणजे आपल्यामागे आपल्या खात्यातली माहिती मिळवू शकेल असा माणूस. गूगलमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे, खातं वापरात राहिलं नाही तर त्याचं काय करायचं ते त्यात आधीच ठरवून ठेवता येतं. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक गूगल खातं फोटोंसकट पुसलं जाऊ शकतं. दहा मिनिटांचं काम आहे. आजच करा.

नवरा

सगळ्यांचं वाचलं. मी यात बसत नाही बहुधा. बायकोची एक पेटी आहे. सण आवरल्यावर पुढच्या वर्षासाठी ती त्यात काहीबाही ठेवायची. पाच वर्षं झाली, मी ती उघडलेली नाही. सणाच्या दिवसांत घरात थांबतही नाही, मुलीकडे जातो. माळ्याकडे मान वर करून बघायचं टाळतो.

उघडायची भीती वाटते, आणि न उघडण्याचीही. व्हिक्टोरिया राणीने १८६१ च्या डिसेंबरात नवरा गेल्यावर त्याची खोली होती तशीच ठेवली, रोज त्याचे कपडे काढून ठेवले जात, गरम पाणी येत असे. हे वाचल्यापासून वाटतं, आपलंही तेच चाललंय का? लोक म्हणतात, पुढे जायला हवं. कुठे पुढे, ते कुणी सांगत नाही.

पुतणी

काका, मी शोकग्रस्त माणसांबरोबर समुपदेशनाचं काम करते. पण तुम्हाला लिहितेय ती माझ्या काकूची पुतणी म्हणून. दरवर्षी सणाला तिची केसांची पिन लावते मी.

'पुढे जा' हा सल्ला जुन्या समजुतीतून आलाय. मनोविश्लेषक फ्रॉइडने १९१७ मध्ये मांडलं होतं की शोकाचं काम म्हणजे गेलेल्या माणसापासून मन हळूहळू सोडवून घेणं. पण त्याच फ्रॉइडची मुलगी सोफी १९२० साली गेली. १९२९ च्या एप्रिलमध्ये त्याने एका मित्राला पत्र लिहिलं, की आज ती छत्तीस वर्षांची झाली असती. त्यात तो म्हणतो की तीव्र दुःख ओसरतं, पण त्या माणसाची बदली कधी सापडत नाही, ती जागा अगदी पूर्ण भरली तरी ते दुसरंच काहीतरी असतं, आणि तसंच असायला हवं. नऊ वर्षांनी त्याला तिचं वय आठवत होतं. पुढे १९९६ मध्ये क्लास, सिल्वरमन आणि निकमन या अभ्यासकांनी स्पष्टच मांडलं की नातं तोडणं हे शोकाचं ध्येय नाही, बहुतेक माणसं ते वेगळ्या रूपात चालू ठेवतात.

पेटी न उघडणं हाही एक संबंधच आहे. सणाच्या दिवसांत दुःख वर येणं अगदी स्वाभाविक आहे. मी एवढंच बघेन की जेवण, झोप, माणसांत जाणं हे चालू आहे ना. तुम्ही मुलीकडे जाता. पेटीला कसलीही मुदत नाही.

भाची

माझं आयुष्य जुने कागद सांभाळण्यात गेलं, आता निवृत्त आहे. मामीचे फोटो माझ्याकडे आहेत, तर थोडं त्यातलं.

चिकट पानांचे, वर पारदर्शक कागद असलेले अल्बम असतील तर फोटो त्यातून आधी बाहेर काढा. तो डिंक आणि ते प्लास्टिक फोटो हळूहळू खातात. ओढू नका, दात साफ करायचा बारीक धागा फोटोखालून करवतीसारखा सरकवा. जुने रंगीत फोटो लालसर होतात, कारण अंधारात ठेवले तरी त्यातला निळसर रंग आधी विरतो. कृष्णधवल फोटो चांदीचे, ते पुष्कळदा जास्त टिकतात. लॅमिनेशन कधीही करू नका, ते परत काढता येत नाही. कोण कोण आहे ते मागे कडेला मऊ पेन्सिलीने लिहा, आणि हे काम सणालाच करा, कारण ओळखणारी म्हातारी माणसं तेव्हाच एका खोलीत असतात. आम्ही उशीर केला. मामीच्या शेजारी हसत उभी असलेली मुलगी कोण, हे सांगणारं आता कुणी नाही.

आईच्या चिठ्ठीबद्दल विचारलंत, तर दादा, भिंतीवर नको. उजेडाने शाई आणखी उडेल. मूळ चिठ्ठी आम्लरहित कागदाच्या पाकिटात, अंधारात. खोक्यावर चांगली रंगीत प्रत.

(चिठ्ठीवाला मुलगा)

प्रत काढून लावली. बहिणीलाही पटलं. "शेवटून तिसरा दिवा" स्पष्ट वाचता येतंय. प्रत लावताना मात्र हात जरा थरथरला, खोटं केल्यासारखं वाटलं. पण माळ काढली, वाचलं, आणि दिवा हलवलाच.

नातू

आजीचा बटणांचा डबा. पत्र्याचा. कुणाचंही कापड फाटून टाकायची वेळ आली की आजी आधी बटणं काढून घ्यायची. लहानपणी सणाला आम्ही नातवंडं जमलो की ती डबा जमिनीवर ओतायची आणि आम्ही लावत बसायचो, रंगाने, भोकांनी. दोन भोकांची वेगळी, चार भोकांची वेगळी. ती सांगायची, हे तुझ्या बापाच्या शाळेच्या शर्टाचं, हे माझ्या आईच्या झग्याचं.

ती गेली त्या वर्षी चुलत बहिणीने एक बटण घेऊन स्वतःच्या नव्या कपड्याला आतून, दिसणार नाही असं शिवलं. मग सगळ्यांनी शिवलं. आता दरवर्षी प्रत्येक जण एक घेतो. मोठी माणसं म्हणतात, असंच चाललं तर डबा संपेल. भाचीताई, तुम्हीही बहुधा हेच म्हणाल. मी मोजली. त्रेचाळीस उरलीत आणि आम्ही नऊ जण आहोत. मला ते कळतं. तरी मी या वर्षीचं माझं निवडून ठेवलंय, हिरवं, चार भोकांचं. कुणाचं होतं ते मला माहीत नाही. आजीला माहीत होतं.

नवरा

पेटी उघडली नाही. पण मुलगी इकडे आलीये या वेळी. दोघांनी मिळून ती माळ्यावरून खाली घेतली. वाटलं होतं त्यापेक्षा हलकी निघाली. धूळ पुसली, खिडकीजवळ ठेवली. मुलगी तिच्यावर बसून आईबद्दल बोलत होती.