बाईंच्या पत्रांतील चित्रे कापून फ्रेम करावीत का?

रंगपेटी (कोल्हापूर):
नमस्कार. शाळेत असताना मी मंगळवार पेठेतील एका बाईंकडे चित्रकला आणि भरतकाम शिकले. लग्नानंतर बेळगावला गेल्यावर १९७८ ते १९९१ अशी तेरा वर्षे आमचा पत्रव्यवहार चालला. अंतर्देशीय पत्रात काही घालून पाठवता येत नसे, म्हणून भरतकामाचा नमुना बाई पत्राच्या कडेलाच जलरंगात काढत आणि कोणता टाका कुठे घ्यायचा तेही लिहीत. त्या गेल्यावर त्यांच्या भाच्याने माझीही पत्रे मला आणून दिली. चित्रे तेवढी कापून फ्रेम करावीत, असे आता घरच्यांना वाटते.

अलीकडे डब्लिनच्या चित्रकला शिकवणाऱ्या एलिझाबेथ येट्स यांच्याविषयी वाचले आणि बाई डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. पेन्सिलीची बाह्यरेषा न काढता रंगाने भरलेला कुंचला कागदावर टेकवायचा आणि एका दाबात एक पाकळी उमटवायची, ही एलिझाबेथ यांची शिकवण्याची रीत होती. बाईंची जास्वंद अशीच उमटत असे. या पत्रांचे मी काय करावे?

जुनी_वही:
कृपया कापू नका. अंतर्देशीय पत्राच्या दोन्ही बाजूंना मजकूर असतो, त्यामुळे जास्वंद कापली की तिच्या पाठीमागची वाक्ये जातील.

एलिझाबेथ ही आयरिश कवी डब्ल्यू. बी. येट्स यांची बहीण. १९०८ पासून कुआला या उद्योगात ती हातछपाईचा छापखाना चालवी आणि लिली ही बहीण भरतकाम पाही. आपल्या बाईंनी चित्रकला आणि भरतकाम ही दोन्ही अंगे एकटीने सांभाळली, याचे मला फार अप्रूप वाटते. पुढे आधुनिक चित्रकार म्हणून नावारूपाला आलेली मेनी जेलेट लहानपणी एलिझाबेथकडेच शिकली. रवींद्रनाथांच्या ‘डाकघर’चा इंग्रजी अनुवादही १९१४ साली कुआलानेच छापला, आणि त्यातला आजारी मुलगा खिडकीशी बसून पत्राचीच वाट पाहत असतो.

कागदवेडा:
दोन्ही बाजू स्कॅन करा आणि फ्रेममध्ये त्यांची छापील प्रत लावा. लॅमिनेशन आणि सेलोटेप पूर्णपणे टाळा. घड्या उलगडण्यासाठी पाणी लावू नका, कारण जलरंग लगेच फुटतो. पत्रे आम्लरहित कागदाच्या पाकिटांत ठेवा. आपल्याकडच्या पावसात बाहेरच्या भिंतीला लागून असलेले कपाट त्यासाठी वापरू नका. प्रकाशित करायची असल्यास बाईंच्या वारसांची संमती घ्या, कारण पत्र आपल्याकडे असले तरी मजकुराचा आणि चित्रांचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यानंतर वारसांचा असतो.

रंगपेटी:
मनापासून आभार. काल दोघींची पत्रे तारखेप्रमाणे एकाआड एक लावली. १९८३ मध्ये मी गाठीचा टाका चुकतो अशी तक्रार केली होती. बाईंच्या पुढच्याच पत्रात त्या टाक्याची पाच लहान चित्रे आहेत, आणि पाचव्या चित्रात सुई धरलेला हात डावा आहे. मी डावखुरी आहे, हे त्यांच्या लक्षात होते.