पुणं वाढवलं कोणी? पानशेतच्या पुराने की पिंपरीच्या कारखान्यांनी?

मुठाकाठचा
पुण्याचा इतिहास निघाला की गाडी शनिवारवाड्यापाशीच अडकते. माझ्या मते आजचं पुणं सुरू झालं 12 जुलै 1961 ला. पानशेतचं काम पुरतं आटोपायच्या आतच धरण फुटलं, त्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही गेलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. मातीच्या भिंतींचे वाडे जागच्या जागी बसले. मग गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर इथे पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या. एरवी पेठकर पेठ सोडून हलला असता का?

आकुर्डीकर
हलला होता की! डेक्कन, प्रभात रोडचे बंगले पुराच्या आधीचे आहेत. पुराने माणसं इकडची तिकडे केली, शहर फुगवलं नाही. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसी, टेल्को (आजची टाटा मोटर्स), बजाज. सोलापूर-मराठवाड्यातून पोरं आली ती पगार बघून. 1982 ला आमची पिंपरी-चिंचवडची स्वतंत्र महापालिका झाली, पण पुण्याच्या इतिहासात आम्ही अजून ‘स्वारगेटपासून लांब’ एवढेच.

मुठाकाठचा
पगार मान्य. पण धरणाच्या पाण्याशिवाय कारखाने चालले असते?

आकुर्डीकर
साहेब, आम्ही पवना नदीचं पाणी पितो. मुठेचं नाही.

दौंडचा शेतकरी
दोघंही पाणी आपल्याच घरचं असल्यासारखं बोलताय. खडकवासला इंग्रजांनी 1879 च्या सुमारास बांधलं त्यात शेतीचं सिंचन होतं, नुसती शहराची तहान नव्हती. कालवा हवेलीतून आमच्या दौंड-इंदापूरकडे येतो. आता वर पानशेत, वरसगाव, टेमघर धरून चारी धरणांत साधारण 29 टीएमसी (अब्ज घनफूट) साठा, तरी उन्हाळ्यात आवर्तनासाठी, म्हणजे कालव्याच्या पाण्याच्या पाळीसाठी, भांडायचं आम्हीच. पुणं वाढलं ते आमच्या वाट्यातून. परत नदीतून काय पाठवता, ते मुळा-मुठेच्या काठाला उभं राहून नाक दाबून बघा.

आंबिलओढा
शेतकरीदादांशी सहमत, पण ही खोड जुनी आहे. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून बंदिस्त नळाने शहरातल्या हौदांत पाणी आणलं, ते काम अप्रतिमच. त्याच काळात आंबिल ओढा अडवून पर्वतीचं तळं केलं (आजची सारसबाग) आणि ओढ्याचा प्रवाह वळवला. फरक एवढाच की तेव्हा वळवला तरी त्याला वाट ठेवली होती. आपण ती वाटही बांधकामांनी आवळली, आणि सप्टेंबर 2019 च्या एका रात्रीत पाणी घराघरांत घुसलं, माणसं गेली.

मुठाकाठचा
म्हणजे पूरच इतिहास घडवतो, हेच मी म्हणतोय.

आंबिलओढा
नाही हो! 1961 ला धरण फुटलं होतं. जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी भरलं तेव्हा धरण शाबूत होतं, फक्त विसर्ग वाढवला होता. आपल्याकडे पाऊस मोजायचं माप एकच, मुठेवरचा बुटका ‘भिडे पूल बुडाला का?’ निळ्या पूररेषेच्या, म्हणजे पुराचं पाणी येतं त्या हद्दीच्या, आत इमारतींना परवानगी कोणी दिली, हे विचारलं की सगळे गप्प.

आकुर्डीकर
पवनेच्या काठालाही तेच चालू आहे. या मुद्द्यावर मात्र आम्ही पुण्याच्या बरोबरीला आलो.