वायूने केलेलं कार्य: एकाच गणिताची चार उत्तरं, बरोबर कोणतं?

रेणू_२२

गणित असं आहे. १ मोल आदर्श वायू, तापमान ३०० केल्विन, आकारमान ५ लिटर. पिस्टनवरचा बाहेरचा दाब एकदम १.२४७ बारवर आणला. वायू २० लिटरपर्यंत प्रसरण पावला आणि शेवटी तापमान पुन्हा ३०० केल्विन. वायूने केलेलं कार्य काढा.

सुरुवातीचा दाब ४.९८८ बार येतो. त्याला १५ लिटरने गुणलं तर ७४८३ जूल. सुरुवातीच्या आणि शेवटच्या दाबाची सरासरी घेतली तर ४६७७. 'एनआरटी एलएन' (मोल × वायू स्थिरांक आर × तापमान × आकारमानांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग) वापरलं तर ३४५८. उत्तरात छापलंय −१८७१! वायू फुगतोय, मग ऋण कसं? आणि दाब नक्की कोणता धरायचा?

उभा_अक्ष

आकडा १८७१ च. चिन्हाचं नंतर बघू.

दाब बाहेरचा धरायचा. वायू कार्य करतो ते पिस्टनला बाहेरून रेटणाऱ्या दाबाविरुद्ध. पिस्टन एकदम मोकळा केला की आतल्या वायूला सगळीकडे सारखा असा दाब राहतच नाही, पिस्टनपाशी कमी आणि तळाशी जास्त असतो. मग सूत्रात आतला दाब म्हणून टाकणार काय? बाहेरचा मात्र पूर्ण वेळ १.२४७ बार आहे. १.२४७ × १५ = १८.७१ लिटर-बार, आणि १ लिटर-बार म्हणजे १०० जूल. झालं. (दाब अ‍ॅटमॉस्फिअरमध्ये दिला असेल तर १०१.३ ने गुणा. इथे १०० आणि १०१.३ ची गल्लत फार होते.)

'एनआरटी एलएन' हे सूत्र आतला आणि बाहेरचा दाब क्षणोक्षणी जवळजवळ सारखा असेल तेव्हाचं, म्हणजे प्रतिवर्ती (कुठल्याही क्षणी उलट फिरवता येईल असं) समतापी (स्थिर तापमानाच्या) प्रसरणाचं. गणितातला 'एकदम' हा शब्द दिसला की ते बाद. "तापमान शेवटी तेवढंच" म्हणजे "तापमान सतत तेवढंच" असंही नाही; मधे ते घसरतं आणि बाहेरून उष्णता आल्यावर पूर्वपदावर येतं.

सरासरीचा मार्ग फक्त पी-व्ही (दाब-आकारमान) आलेखावरची रेषा सरळ असेल तर चालतो. समतापी वक्र दोन टोकं जोडणाऱ्या रेषेच्या खाली झोळीसारखा लोंबतो, म्हणून सरासरीने काढलेलं क्षेत्रफळ जास्तच येणार. ३४५८ च्या जागी ४६७७, ही चूक किरकोळ नाही.

आता चिन्ह. रसायनशास्त्रात वायू*वर* झालेलं कार्य धन मानतात, भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत बहुधा वायू*ने* केलेलं. प्रश्नात "वायूने केलेलं" असे शब्द असतील तर उत्तर +१८७१ हवं. छापणाऱ्याने रसायनाचा संकेत लावला, पण प्रश्नाची भाषा बदलली नाही.

पायरीपायरीने

तो ७४८३ आकडा एवढ्यात खोडू नका, तोही एका खऱ्या प्रक्रियेचं उत्तर आहे. २० लिटरवरच्या या वायूवर बाहेरून एकदम ४.९८८ बार दाब लावून, ३०० केल्विनलाच ५ लिटरवर परत आणला, तर वायूवर नेमकं ७४८३ जूल कार्य होतं. जाताना मिळाले १८७१, परत आणायला लागले ७४८३. वायू मूळ स्थितीत आला, पण फरकाचे ५६१२ जूल उष्णता होऊन बाहेर गेले.

आता तेच प्रसरण दोन टप्प्यांत करा. आधी बाहेरचा दाब २.४९४ बार, वायू १० लिटरवर थांबतो: १२४७ जूल. मग १.२४७ बार, १० ते २० लिटर: पुन्हा १२४७. एकूण २४९४. टप्पे वाढवत न्या, बेरीज ३४५८ कडे सरकत जाते, ओलांडत कधीच नाही. कागदावर पायऱ्या काढून बघा, वक्राखाली मोकळी राहिलेली त्रिकोणी जागा म्हणजेच हुकलेलं कार्य.

रेणू_२२

दाब कळला. सिलिंडरला उष्णतारोधक आवरण असेल आणि बाहेरचा दाब असाच एकदम १.२४७ बार केला, तर रुद्धोष्म सूत्र, म्हणजे दाब × आकारमानाचा गॅमा (वायूच्या दोन विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर) घात = स्थिरांक, वापरायचं ना?

उभा_अक्ष

नाही, तेही प्रतिवर्ती प्रक्रियेचंच. इथे उष्णता शून्य, म्हणून आंतरिक ऊर्जेतली घट = बाहेरचा दाब × आकारमानातली वाढ. एकअणू वायू धरला (१ मोलची आंतरिक ऊर्जा १.५ × आर × तापमान) तर आर दोन्हीकडून कापला जातो:

१.५ × (३०० − टी) = टी − ३०० ÷ ४

इथे टी म्हणजे अंतिम तापमान आणि ४ हे दाबांचं गुणोत्तर. टी = २१० केल्विन, कार्य १२.४७ (म्हणजे १.५ × आर) × ९० = ११२२ जूल. ताळा करा: अंतिम आकारमान १४ लिटर, १.२४७ × ९ = ११.२२ लिटर-बार. जुळलं. वायू २० लिटरपर्यंत जात नाही, १४ वरच थांबतो. २० लिटर आयतं धरून चालणारे इथेच फसतात. गॅमाचं सूत्र लावलं असतं तर १७२ केल्विन आलं असतं.

पायरीपायरीने

एक राहिलं. 'एनआरटी एलएन'च्या गणितात ३४५८ ऐवजी १५०२ आलं, तर कॅल्क्युलेटरवर १० पायाचा लॉग दाबला गेलाय. २.३०३ ने गुणा.