खांद्याच्या ऑपरेशननंतरचे व्यायाम आणि तोंडावर आलेली गोडी छाटणी – मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या वडिलांच्या उजव्या खांद्याचा टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा पट्टा (रोटेटर कफ), फाटला होता. दुर्बिणीतून ऑपरेशन करून तो हाडाला पुन्हा शिवला, त्याला आता दहा आठवडे झाले. वय ६१, शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. मी नाशिकला इंदिरानगरात राहते, आई-अण्णा दिंडोरी तालुक्यात. द्राक्षबाग आहे, आणि फळासाठी करतात ती गोडी छाटणी जवळ आलीय.

पहिले सहा आठवडे हात स्लिंगमध्ये होता. तेव्हा कमरेत वाकून हात लोंबता सोडायचा आणि हलकेच झुलवायचा, एवढंच. सदरा घालताना आधी ऑपरेशनचा हात बाहीत, काढताना तो शेवटी, हे घरात सगळ्यांना पाठ झालंय. झोपेचे मात्र फार हाल झाले. पाठीशी उशा रचून अर्धवट बसूनच रात्र काढायचे.

सध्या काठी दोन्ही हातांत धरून वर नेणं, चौकटीला टांगलेली दोरी-पुली आणि भिंतीवर बोटांनी चढत जाणं असे व्यायाम चालू आहेत. पुलीवर डाव्या हाताने ओढलं की उजवा जवळजवळ पूर्ण वर जातो. स्वतःच्या ताकदीने उचलायला गेले की हात छातीपर्यंत येतो न येतो तोच खांदा कानाकडे उचकतो आणि मान तिरकी होते. हे या टप्प्यावर असतंच, की टाके सुटल्याची शंका घ्यायची?

दुखणं जवळपास थांबलंय, आणि माझी खरी काळजी तीच आहे. अण्णांना वाटतंय बरं झालं. छाटणीला टोळी ठरलीय, तरी "चार ओळी मी करतो" चालूच आहे. मांडवाखाली दिवसभर हात डोक्यावर आणि उजव्या मुठीत कात्री! आईचं ते ऐकत नाहीत, माझं थोडंफार ऐकतात. त्यांना नेमकं काय सांगू? आणि फिजिओसाठी दर दोन दिवसांनी नाशिकला यायला हवं, की घरी केलं तरी चालेल?

प्रतिसाद

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. न तपासता खात्रीने सांगता येत नाही, पण पुलीवर हात वर जातो हे चांगलं लक्षण आहे, म्हणजे खांदा आखडलेला नाही. शुगर असणाऱ्यांत ती भीती जास्त असते. कफचे स्नायू अजून अशक्त असल्यामुळे मानेजवळचा स्नायू त्यांचं काम ओढून घेतो, म्हणून खांदा उचकतो. तसा उचकत हात वर नेऊ देऊ नका, तीच सवय लागते. उताणं झोपून हात उचलायला सांगा, तिथे हाताचा भार कमी पडतो. उभ्याने करताना आरशासमोर, खांदा खाली राहील तेवढ्याच उंचीपर्यंत.

छाटणीबद्दल स्पष्ट सांगते: यंदा नाही. टेंडन हाडाला धरायला साधारण बारा आठवडे लागतात, शुगर असेल तर जास्तही. तोवर सगळा भार हाडात बसवलेल्या अँकरच्या (बारीक खिळ्यांच्या) दोऱ्यांवर असतो आणि पुन्हा फाटण्याचा धोका याच काळात सर्वांत जास्त. दुखणं आधी थांबतं, जोडणी मागून पक्की होते. रबर बँडचे ताकदीचे व्यायाम सर्जननी होकार दिल्यावरच सुरू करायचे. डोक्यावरचं काम बहुधा चार ते सहा महिन्यांनी, टेंडन जास्त फाटला असेल तर आणखी पुढे.

पण कोणत्या काडीवर किती डोळे (नवी फूट येते त्या जागा) ठेवायचे हे अण्णांइतकं टोळीला कळणार आहे का? ते काम त्यांच्याकडेच द्या, काडी डाव्या हाताने दाखवायची. नुसतं "बसून राहा" म्हणाल तर ते ऐकणार नाहीत.

घरी रोज नीट करत असतील तर आठवड्यातून एकदा येऊन दाखवलं तरी बहुतेकांना पुरतं, पण तुमच्या फिजिओला विचारून ठरवा. हात उचलतानाचा व्हिडिओ समोरून आणि पाठीमागून, सदरा काढून, घेऊन जा. एखाद्या झटक्यात टक् आवाज होऊन हात अचानक उचलेनासा झाला, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी सर्जनकडे जा.