काळ्या मातीत जिम्नी की थार?

रावेरचा_मळा:
केळीचे मळे आणि सातपुड्याच्या पायथ्याचे कच्चे रस्ते, दोन्हींसाठी माझं मत मारुतीच्या जिम्नीला. कारण वजन. जिम्नी साधारण १,२०० किलो, महिंद्राची फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी) थार जवळपास पाच क्विंटलने जड. मुरमावर फरक पडत नाही. पण भिजलेल्या काळ्या मातीत जड गाडीचं चाक जागेवर फिरलं की ती खोल जाते, डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा, खाली लोंबणारा गिअरचा गोळा) चिखलावर टेकतं. मग चारही चाकं फिरून उपयोग नाही. शिवाय रुंदी: जिम्नी १,६४५ मिमी, थार १,८२०. बांधावर हे फार मोलाचं.

शहादेकर:
नाही भो, वजन एकटं बघू नका. जिम्नीचा टायर १९५ मिमी, थारचा २४५ किंवा २५५. जड गाडी रुंद पायावर उभी आहे, म्हणजे मातीवरचा दाब जवळपास सारखाच. खालची मोकळी उंची थारची २२६ मिमी, जिम्नीची २१०. थारच्या मोठ्या डिझेल इंजिनाचा टॉर्क (चाक फिरवायची ताकद) ३०० एनएम, तोही कमी आरपीएमला. जिम्नीचा १३४, तो ४,००० ला. चिखलात रेस न देता रांगता आलं पाहिजे.

रावेरचा_मळा:
रांगायला फोर-एल (चारही चाकांना हळू पण जास्त ताकद देणारा गिअर) आहे ना. आणि एक चाक हवेत गेलं तर जिम्नी त्यालाच ब्रेक लावून ताकद दुसऱ्या बाजूला देते. फक्त अशा वेळी पाय अर्धवट उचलायचा नाही, रेस एकसारखी ठेवायची.

शहादेकर:
ती ब्रेकची मदत आहे, लॉक नव्हे. बराच वेळ वापरली तर ब्रेक तापतात. थारच्या काही मॉडेलांत मागचा डिफरन्शियल यांत्रिकरीत्या लॉक होतो, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. घेताना तेवढं तपासा.

एरंडोल_गॅरेज:
दोघांनीही टायरची नक्षी सोडली. काळी माती खाचांत भरली की कोणताही रस्त्याचा टायर गुळगुळीत होतो. ऑल-टेरेन (खोल खाचांचे, रस्ता-चिखल दोन्हींचे) टायर घाला, चिखलात हवा १८-२० पीएसआय करा, डांबरावर चढण्याआधी परत भरा. १५ खाली गेलं तर टायर रिमवरून सुटू शकतो. दुसरं, दोन्ही गाड्यांत मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा) नाही. कोरड्या सिमेंटवर फोर-एचमध्ये (चारही चाकांच्या नेहमीच्या वेगाच्या गिअरमध्ये) वळाल तर ट्रान्सफर केसवर (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर) ताण येतो, फोर बाय फोरचा लिव्हर अडकतो. अडकलाच तर सरळ रेषेत थोडं मागे घ्या, सुटेल.
जिम्नीवाल्यांनी ओझंही मोजा दादा. दोन माणसं आणि युरियाच्या ४५ किलोच्या चार गोण्या, एवढ्यात तिची मर्यादा जवळ आली.

रावेरचा_मळा:
गोण्या न्यायला पिकअप आहे की. चार गोण्यांसाठी बांध तुडवणारी रुंद गाडी मी घेणार नाही.