पूरपातळीच्या वर साठवणुकीचा मजला : प्रीकास्ट की जागेवर टाकलेला स्लॅब?

प्रश्न : कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. सांगलीत नदीपासून फार दूर नसलेल्या आमच्या जागेत हळदीच्या पोत्यांसाठी नवे गोदाम बांधायचे आहे. २०१९ च्या महापुरात तळमजल्यात पाणी चढले होते, त्यामुळे यापुढे माल वरच्या मजल्यावरच ठेवायचा आणि खालचा भाग वाहनांसाठी मोकळा सोडायचा, असे ठरले आहे. गोदाम आतून ६ मीटर रुंद व १५ मीटर लांब असून चौकट आर.सी.सी. कॉलम-बीमची राहील. पोत्यांची थप्पी साधारण अडीच मीटर उंच लागेल.

मजला उंचावर असल्याने सेंटरिंगचा (काँक्रीट ओतताना खालून द्यायच्या तात्पुरत्या आधाराचा) खर्च बराच सांगितला जातो आणि काम पावसाळ्याआधी उरकायचे आहे, म्हणून आधी ओतून मग जागेवर बसवायच्या तयार (प्रीकास्ट) स्लॅबचा विचार चालू आहे. एका पुरवठादाराने हॉलो-कोअर (आतून लांबट पोकळ्या असलेले, कारखान्यात बनवलेले) स्लॅब सुचवले आहेत, तर आमच्या मिस्त्रींचे म्हणणे असे की लहान पाट्या आणि त्यांना आधार देणारे जॉइस्ट (छोटे बीम) प्लॉटवरच ओतून घ्यावेत. घरातील वडीलधारी मंडळी मात्र कोयनेच्या भूकंपाची आठवण काढतात आणि सुट्या तुकड्यांच्या मजल्याला तयार होत नाहीत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : सळई-सिमेंट (सातारा)

भूकंपाकडे वळण्याआधी भाराचा हिशेब सांगतो, कारण आपल्या प्रश्नात तोच सर्वांत मोठा मुद्दा आहे. राहत्या घराच्या खोल्यांसाठी भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो चल भार (माणसे, सामान यांचे वजन) धरतात. गोदामासाठी मात्र साठ्याच्या प्रत्येक मीटर उंचीमागे सुमारे २४० किलो आणि कमीत कमी ७५० किलो धरावे लागतात. अडीच मीटर थप्पीचा हिशेब ६०० पर्यंतच येत असला तरी आपल्याला ७५० धरणे भाग आहे, म्हणजे घराच्या जवळपास चौपट. मिस्त्री सांगतात ती पाट्या-जॉइस्टची पद्धत रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेली असून छोट्या घरांसाठी ती खरोखर चांगली आहे. तीत सुमारे ३० सेंटिमीटर रुंद व जास्तीत जास्त दीड मीटर लांब पाटी असते आणि तीन-चार माणसांना ती क्रेनशिवाय चढवता येते. परंतु घरासाठी वापरलेली तीच मापे आणि तीच सळई ६ मीटरच्या गाळ्यावर (दोन आधारांमधील अंतरावर), हळदीच्या थप्पीखाली, जशीच्या तशी वापरणे धोक्याचे आहे. ती पद्धत घ्यायचीच असेल तर मधे आणखी बीम देऊन जॉइस्टचा गाळा कमी करावा लागेल, आणि मग सेंटरिंगची बचत बरीचशी संपून जाते.

आता भूकंप. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची आठवण ज्या घरांत आहे, त्यांनी सुट्या तुकड्यांविषयी शंका घेणे योग्यच आहे. ७ डिसेंबर १९८८ रोजी आर्मेनियात झालेल्या भूकंपात प्रीकास्ट चौकटीच्या अनेक नऊमजली इमारती कोसळल्या. त्यांचे हॉलो-कोअर मजले एकमेकांशी व चौकटीशी पुरेसे बांधलेले नव्हते. मात्र त्याच भूकंपात प्रीकास्ट मोठ्या भिंती-पॅनेलांच्या इमारती बऱ्याच अंशी उभ्या राहिल्या, हेही सांगितले पाहिजे. मजल्याचे काम केवळ वजन पेलण्याचे नसते. भूकंपाचा आडवा जोर गोळा करून तो कॉलमपर्यंत पोहोचवणे हेही त्याचेच काम असते, आणि खाटेवर नुसत्या मांडून ठेवलेल्या फळ्यांकडून ते होत नाही.

म्हणून हॉलो-कोअर घेतल्यास पुढील गोष्टींवर तडजोड करू नये. तुकड्यांवर जाळीसह टॉपिंग (जागेवर ओतलेला काँक्रीटचा थर) हवे, आणि त्या जाळीच्या सळया चारही बाजूंच्या बीममधून वर काढलेल्या सळयांशी पुरेशा लांबीने जोडलेल्या हव्यात. दोन तुकड्यांमधील खाच बारीक खडीच्या काँक्रीटने पूर्ण भरावी, आणि तुकड्यांच्या टोकांशीही बीमला धरून ठेवणाऱ्या सळया घालाव्यात. प्रीस्ट्रेसमुळे (आत ताणून बसवलेल्या तारांमुळे) हे तुकडे मधे किंचित वर फुगलेले असतात. त्यामुळे ५० मिलिमीटर टॉपिंग असे लिहिले असेल, तर ती जाडी मध्यावर, म्हणजे जिथे ती सर्वांत कमी भरते तिथे मोजावी. टोकांशी ती आपोआप वाढते आणि तेवढे जादा काँक्रीट अंदाजपत्रकात धरावे लागते. पुरवठादाराच्या तक्त्यात जो भार दिलेला असतो, त्यात टॉपिंगचे वजन धरले आहे की नाही, हे लेखी विचारावे. दर चौरस मीटरला सव्वाशे किलोंचा हा फरक आहे.

उत्तर : ठेकेदार (कऱ्हाड)

वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त कामाच्या जागेवरच्या अडचणी सांगतो. १.२ मीटर रुंद, ६ मीटर लांब आणि २०० मिलिमीटर जाडीचा हॉलो-कोअर तुकडा सुमारे दोन टन भरतो. हायड्रावर (फिरत्या क्रेनवर) लिहिलेली क्षमता बूम, म्हणजे तिचा हात, आखूड असतानाची असते. बूम लांबवला की ती झपाट्याने घटते, त्यामुळे चौकटीच्या बाहेर उभे राहून पलीकडच्या बीमपर्यंत तुकडा पोहोचवता येईल का, हे पुरवठादाराच्या माणसाला जागेवर आणून पाहून घ्यावे. ट्रेलर आत वळतो का, हेही त्याच फेरीत पाहावे. आपले क्षेत्र अवघे ९० चौरस मीटर आहे आणि एवढ्या कामात वाहतूक व क्रेनचा खर्च सेंटरिंगची बचत खाऊन टाकू शकतो. तेव्हा दर चौरस फुटाचा आकडा न पाहता, माल जागेवर बसवून, खाचा भरून, टॉपिंगसह एकूण किती, असाच भाव मागावा.

तुकडे उतरवून ठेवावे लागलेच तर लाकडी ठोकळे दोन्ही टोकांजवळ, वरपासून खालपर्यंत एका रेषेत द्यावेत. मधोमध ठोकळा दिला की तुकड्याला वरच्या अंगाने तडा जाण्याची भीती असते, कारण प्रीस्ट्रेसच्या तारा खालच्या बाजूस असतात.

पोकळ्यांत साचणाऱ्या पाण्याचा मुद्दा सहसा कोणी आधी सांगत नाही. पाऊस आला किंवा टॉपिंगला पाणी मारले की ते आत शिरते आणि नंतर कित्येक महिने ठिबकत राहते. आपल्या बाबतीत खाली वाहने असली तरी वरच्या हळदीला ओल सोसणार नाही. प्रत्येक पोकळीला दोन्ही टोकांशी निचऱ्याची छिद्रे कारखान्यातूनच पाडून घ्यावीत आणि टॉपिंगआधी ती मोकळी आहेत ना, ते पाहावे.

कृष्णाकाठ (सांगली)

दोघांचेही मनापासून आभार. घरच्यांना आर्मेनियाचे उदाहरण वाचून दाखवले, त्यांचा विरोध आता निवळला आहे. एक गोष्ट लिहायची राहिली होती : माल वर नेण्यासाठी दीड मीटर चौरस लिफ्टची मोकळी जागा मजल्यात सोडावी लागणार आहे. हॉलो-कोअर कापून ती करता येईल का?

उत्तर : सळई-सिमेंट (सातारा)

जागेवर कापू नये. दीड मीटरच्या चौकोनात एका तुकड्याची पूर्ण रुंदी आणि शेजारच्याचा काही भाग जातो, आणि तारा तुटल्या की त्या तुकड्याची ताकदच जाते. कडेला लोखंडी ट्रिमर (कापलेल्या तुकड्याचा भार शेजारच्या तुकड्यांवर नेणारा आडवा आधार) देऊन अशी जागा सोडता येते, पण आपल्या मापांत त्याहून सोपी वाट आहे. १.२ मीटरचे बारा तुकडे मांडले की १४.४ मीटर होतात आणि ६० सेंटिमीटरची पट्टी उरते, जी कशीही जागेवरच ओतावी लागणार. त्याऐवजी अकराच तुकडे मागवावेत. ते १३.२ मीटर झाकतात आणि एका टोकाला १.८ मीटरची पट्टी शिल्लक राहते. ती नेहमीच्या पद्धतीने सेंटरिंग लावून ओतावी, लिफ्टची जागा तिथेच सोडून तिच्या भोवती बीम द्यावेत, आणि टॉपिंगची जाळी सलग त्या पट्टीत न्यावी. लिफ्ट त्या टोकाला चालत असेल, तर तुकड्यांची मागणी नोंदवण्याआधी हा आराखडा आपल्या इंजिनिअरकडून तपासून घ्यावा. कारण एकदा कारखान्यात लांबी कापली गेली की बदल करता येत नाही.