मदत हवी आहे: कमाडो ग्रिलमधल्या तापलेल्या सिरॅमिक प्लेटा मध्येच बाहेर कशा काढायच्या?

धूरकर

मंडळी, यंदाची गटारी आमच्याकडे ठरली आहे. इथे नॉर्थ कॅरोलिनात श्रावण किती जण पाळतात हा वेगळा विषय, पण गटारी पाळायला झाडून सगळे तयार असतात. पंधरा-सोळा माणसं येतील, त्यात चार पोरं पाच वर्षांखालची. मुख्य पदार्थ लँबची आख्खी मांडी, हाडासकट.

ग्रिल कमाडो जो, अठरा इंची क्लासिक. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: जाड सिरॅमिकचं अंडाकृती धूड, तळाला लाकडी कोळसा, वर जड झाकण. हवा खालच्या खिडकीतून आत येते, वरच्या टोपीतून बाहेर जाते, आणि या दोन्ही कमी-जास्त करून आच सांभाळायची. मंद आचेवर करायचं असेल तर कोळसा आणि जाळी यांच्या मध्ये सिरॅमिकच्या दोन अर्धगोल प्लेटा बसवतात, त्यांना हीट डिफ्लेक्टर म्हणतात. त्यामुळे धग मांसाला थेट लागत नाही.

बेत असा: २५० फॅरनहाइटला झाकून मांडी आतून १२० पर्यंत न्यायची, मग प्लेटा काढून टाकायच्या, कोळसा फुलवायचा आणि वरून खरपूस करायची. अडचण मधल्या पायरीची आहे. तोपर्यंत प्लेटा दोन तास तापलेल्या असणार. व्हिडिओ भरपूर पाहिले. सगळ्यांत एक दणकट गडी हातमोजे घालून प्लेट उचलतो आणि कॅमेऱ्याबाहेर जातो. ती ठेवतो कुठे, हे एकही जण दाखवत नाही!

माझ्याकडे मनगटापर्यंतचे सिलिकॉनचे हातमोजे आहेत आणि आईने दिलेली पितळी पातेल्यांची सांडशी आहे. ग्रिल लाकडी डेकवर आहे, खाली अग्निरोधक चटई. प्लेट कशाने धरायची, कुठे ठेवायची, थंड जागी ठेवली तर तडकेल का, आणि झाकण उघडल्यावर भडका उडतो म्हणतात तो कितपत खरा? अनुभवी लोकांनी सांगा. "बाहेरून मागवा" हा सल्ला घरातून मिळालेला आहे.

तांबडा_पांढरा

मांडी माझ्याकडे पाठवून द्या, प्लेटा तिथेच राहू द्या.

खरपूस

धूरकर, सांडशी आधी घरात ठेवून या. ती पातेल्याच्या पातळ काठासाठी असते. जाड, गुळगुळीत आणि वर तूप-चरबी सांडलेली प्लेट तिच्यातून निसटणारच, आणि निसटली की थेट निखाऱ्यांत किंवा तुमच्या पायावर.

माझ्याकडे तुमच्यासारखाच एक आहे आणि एक बिग ग्रीन एग (दुसऱ्या कंपनीचा कमाडो) पण आहे, त्यामुळे दोन्ही प्रकार रोजच्या हाताखालचे. एगमध्ये तीन पायांची एकसंध मोठी प्लेट असते आणि जाळी तिच्या पायांवरच बसते. म्हणजे आधी गरम जाळी काढा, मग ती अख्खी प्लेट दोन्ही हातांनी पायांना धरून उभी वर घ्या. तुमच्या अर्धगोल प्लेटा त्या मानाने सोप्या, एका वेळी एकच उचलायची.

पण प्लेट ही यातली सगळ्यात धोकादायक वस्तू नाहीच. धोकादायक आहे तो तिच्यावरचा चरबीचा ट्रे. लँबची मांडी दोन तासांत चांगलीच चरबी सोडते. ती ट्रेमध्ये गरम, पातळ आणि काठोकाठ असते. फॉइलचा ट्रे एका कोपऱ्याला धरला की मधोमध मुडपतो, चरबी एका बाजूला धावते आणि निखाऱ्यांवर पडते. मग जो भडका उठतो त्यात तुमचे दोन्ही हात ग्रिलच्या आत असतात. म्हणून फॉइलचा ट्रे वापरूच नका. जाड पत्र्याचा किंवा स्टीलचा उथळ ट्रे घ्या, आणि प्लेटेला हात लावायच्या आधी तो काढा. तो कुठे नेऊन ठेवायचा हेही आधी ठरलेलं असू द्या.

क्रम माझा असा असतो. आधी मांस काढून घरात पाठवायचं, ते दुसऱ्या माणसाचं काम. मग जाळी, मग ट्रे, मग एक प्लेट, मग दुसरी. मध्ये झाकण मिटत नाही, पण रेंगाळतही नाही, कारण झाकण उघडं राहिलं की कोळशाला मोकळी हवा मिळते आणि दोन-तीन मिनिटांत धग अंगावर यायला लागते. शेवटची प्लेट निघाली की झाकण बंद, खिडकी आणि टोपी पूर्ण उघडी, आणि पंधरा मिनिटं कोळसा फुलू द्यायचा. तेवढ्यात मांसही विसावतं. घाई कुठेच नाही, हे लक्षात आलं की अर्धी भीती जाते.

भडका खरा आहे, पण २५० ला नाही. तो येतो पुढच्या टप्प्यात. ग्रिल ६०० च्या पुढे गेलेलं असतं, कुणीतरी आच कमी करायला खिडकी बंद करतो, आत प्राणवायू संपतो, कोळसा नुसता धुमसत जळणारे वायू सोडत राहतो. अशा वेळी झाकण झटक्यात उघडलं की हवा आत घुसते आणि भप्पकन ज्वाळ बाहेर येते, नेमकी बघणाऱ्याच्या तोंडाच्या उंचीला. भुवया जातात त्या तिथे. उपाय साधा: झाकण दोन बोटं उचलायचं, तसंच धरून चार-पाच सेकंद थांबायचं, पुन्हा थोडं उचलायचं, मग पूर्ण उघडायचं. उभं राहायचं ते बाजूला. ही सवय कमी आचेलाही ठेवा, म्हणजे जास्त आचेला आठवण करावी लागत नाही.

भोसरीचा_फॅब्रिकेटर

ग्रिल मला माहीत नाही, हातमोजे माहीत आहेत.

सिलिकॉनचे हातमोजे ओव्हनच्या ट्रेसाठी ठीक. तुमचा काटा २५० फॅरनहाइट दाखवतो तो झाकणातल्या हवेचा. प्लेटची खालची बाजू निखाऱ्यांकडे तोंड करून बसलेली असते, ती त्याहून कितीतरी जास्त तापते, आणि तुमची बोटं उचलताना नेमकी खालीच जाणार. शिवाय मनगटापर्यंतचा मोजा म्हणजे हात आत घातल्यावर वरचा सगळा हात उघडा.

विकत घेताना युरोपियन मानक ईएन ४०७ पाहा. ज्वाळेचं चित्र असतं आणि खाली आकड्यांची रांग. त्यातला दुसरा आकडा स्पर्शाच्या उष्णतेचा. १ म्हणजे १०० अंश सेल्सिअस, २ म्हणजे २५०, ३ म्हणजे ३५०, ४ म्हणजे ५००, आणि प्रत्येक ठिकाणी कसोटी किमान १५ सेकंदांची. ३ च्या खाली घेऊ नका. १५ सेकंद ऐकायला थोडे वाटतात, पण प्लेट उचलून दोन पावलांवर ठेवायला पुरतात. डेकच्या दुसऱ्या टोकाला न्यायला पुरत नाहीत.

विणलेले अरामिडचे (उष्णता सोसणाऱ्या कृत्रिम धाग्याचे) मोजे मिळतात, उष्णता चांगली अडवतात, पण गरम चरबी त्यातून आरपार जाते. तुमच्या कामाला वेल्डिंगचे लांब चामडी मोजे बरे, कोपरापर्यंतचे. दोन गोष्टी पाळा. एक, ते कोरडे हवेत. ओल्या मोज्याने गरम वस्तू धरली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि मोजा हातात असतानाच हात भाजतो. बर्फाच्या बादलीतून बिअर काढताना तेच मोजे घालू नका, असं करणारे पाहिले आहेत. दोन, एका मापाने मोठे घ्या. गरम जाणवलं तर हात झटकून मोजा गळून पडला पाहिजे.

आणि पायात बूट. आपली माणसं डेकवर अनवाणी नाहीतर चपलेत फिरतात.

अटलांटाची_सुगरण

ठेवायचं कुठे यावर बोलते, कारण आमच्याकडे तोच वाद होता.

ग्रिलच्या बाजूच्या फळ्यांवर नाही, त्या लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या असतात. डेकवर नाही, चटईवरही नाही. ती चटई ठिणग्या आणि पडलेल्या निखाऱ्यासाठी असते, तापलेला दगड तासभर बसवायला नाही. हिरवळीवरही नको, गवत ओलं असतं आणि खालून गारठा बसतो. या प्लेटा बहुतेक कॉर्डिएराइट नावाच्या सिरॅमिकच्या असतात, उष्णतेचे धक्के चांगले सोसतात, म्हणून नुसत्या बाहेरच्या हवेने तडकत नाहीत. पण ओली फरशी, पाण्याचा शिंतोडा, पाऊस, यांची खात्री कुणी देणार नाही. पाणी ओतून थंड करायचा विचार तर कुणी करूच नये. प्लेट गेली तर गेली, उकळती वाफ तोंडावर येते.

आमचा उपाय: डेकवर जुना गॅस ग्रिल पडून आहे. सिलिंडर बंद, आतल्या जाळ्या साफ. तापलेल्या प्लेटा त्या जाळ्यांवर ठेवते आणि त्याचं झाकण लावते. धातू, खालून हवा खेळती, उंची कमरेएवढी, आणि पोरांचा हात पोहोचत नाही. तापलेलं सिरॅमिक लाल होत नाही, धूर सोडत नाही, अगदी गार असल्यासारखं दिसतं. चार लहान मुलं आहेत म्हणालात म्हणून हे मुद्दाम.

गॅस ग्रिल नसेल तर स्टीलच्या टेबलावर चार फायरब्रिक (भट्टीच्या विटा), त्यांवर प्लेट, आणि बाजूला एक मोठा माणूस पहाऱ्याला.

वॉर्ड_नं_९

मी नर्स आहे, कोरडं बोलते. भाजलं तर लगेच नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरा आणि २० मिनिटं धरून ठेवा. दोन मिनिटांत बरं वाटलं म्हणून काढू नका. बांगड्या, अंगठ्या, घड्याळ सूज यायच्या आत काढा. टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ काही नको. फोड फोडू नका. हाताच्या पंजावर किंवा चेहऱ्यावर मोठं भाजलं असेल तर पार्टी सोडून दवाखाना. आणि आग सांभाळणाऱ्याने काम होईपर्यंत ग्लास हातात घेऊ नये. गटारी आहे, कळतं, तरीही.

चरबी पेटली तर पाणी नाही. झाकण बंद, खिडकी बंद, टोपी बंद.

धूरकर

सगळ्यांचे आभार. जुना गॅस ग्रिल आमच्याकडेही आहे, ताडपत्रीखाली! चामडी मोजे मागवले.

एक शंका. प्लेटा काढायच्या ऐवजी दुसरा काही मार्ग आहे का? बायकोचं म्हणणं, हे सगळं करायचं ते वरच्या पापुद्र्यासाठीच ना?

खरपूस

वहिनींचं बरोबर आहे. खरं तर मी पहिल्यांदाच विचारायला हवं होतं: मांडीला दही लावणार आहात का, आणि किती शिजवणार?

कारण ही मंद-मग-कडक पद्धत गुलाबी मांस खाणाऱ्यांसाठी आहे. १२० ला काढायची, शेवटी १३० ते १३५ वर थांबायचं. इथल्या सरकारी नियमाप्रमाणे अख्ख्या तुकड्याला १४५ आणि ३ मिनिटं विसावा. आपल्या मंडळींना गुलाबी दिसलं की "अजून कच्चं आहे" सुरू होतं. तुम्ही १७० च्या पुढे नेणार असाल तर उघड्या निखाऱ्यांची गरजच उरत नाही. दही-आलं-लसूण लावलेली मांडी ६०० अंशांवर खरपूस होत नाही, काळी आणि कडू होते. शेवटची वीस मिनिटं प्लेटा तशाच ठेवून खिडक्या उघडा, ४२५ पर्यंत जाऊ द्या, वरून तूप फिरवा. रंग येतो.

निखाराच हवा असेल तर तुमच्या ग्रिलमध्ये सोय आहे. कोळसा सुरुवातीपासून एका बाजूला रचा आणि एकच अर्धी प्लेट दुसऱ्या बाजूला बसवा. मांडी प्लेटच्या बाजूला दोन तास, फिरवत राहा म्हणजे निखाऱ्याकडची बाजू आधी होणार नाही. शेवटी फक्त मांडी सरकवायची. तापलेलं सिरॅमिक जागचं हलत नाही. मी स्वतः प्लेटा काढतो त्या पिझ्झ्यानंतर स्टेक असेल तेव्हा, तेही पोरं नसताना.

धूरकर

दही आहे, आणि सासरे गुलाबी मांसाला हात लावत नाहीत. म्हणजे निकाल लागला. प्लेटा आतच राहतील, शेवटी ४२५. मोजे आलेच आहेत तर जाळी आणि ट्रे काढायला होतील.

शेवटचं: ट्रेमध्ये पाणी घालू का? चरबी जळून कडू धूर येतो म्हणतात.

खरपूस

कमाडोत आधीच ओलावा टिकतो, त्यासाठी पाणी नको. शिवाय उकळत्या पाण्यावर तरंगणारी चरबी उचलणं हे नुसत्या चरबीपेक्षा वाईट. चरबी जळते ती ट्रे थेट तापलेल्या प्लेटवर टेकल्यामुळे. फॉइलचे लिंबाएवढे चार गोळे करून ट्रेखाली ठेवा, मध्ये अर्धा-पाऊण इंच हवा राहू द्या. आणि ट्रे त्याच रात्री काढू नका. खिडकी, टोपी बंद करून झोपा. कोळसा विझायला आणि सिरॅमिक निवायला रात्र जाते. सकाळी गोठलेली चरबी खरवडून कचऱ्यात टाका, आणि राख धातूच्या झाकणाच्या डब्यात, डेकपासून लांब.

तांबडा_पांढरा

पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.